आग आवरण्याचे मागणे अग्निदेवतेकडेच का?

प्रश्न : जपानमध्ये क्योतोजवळच्या आतागो पर्वतावरील शिंतो मंदिरात कागुत्सुची या अग्निदेवतेची पूजा होते आणि आगीपासून रक्षण व्हावे म्हणून लोक तेथे जातात, असे वाचले. ज्याच्या जन्मानेच त्याची आई भाजून मेली, त्याच्याकडे हे मागणे कसे मागायचे?

उत्तर : आपली शंका मूळ कथेलाच भिडणारी आहे. इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ या जपानी पुराणकथांच्या प्राचीन ग्रंथानुसार कागुत्सुचीला जन्म देताना इझानामी भाजून मरण पावते आणि शोकाने बेभान झालेला पिता इझानागी तलवारीने त्या बालकाचा शिरच्छेद करतो. मात्र इ. स. ९२७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘एंगिशिकी’ या राजदरबारी नियम-विधींच्या संग्रहात अग्निशमनाच्या विधीची जी प्रार्थना आहे, तिच्यात ही कथा वेगळे वळण घेते. आपण मागे एक दुष्ट मनाचे मूल ठेवून आलो, या जाणिवेने मृतांच्या लोकाकडे निघालेली इझानामी अर्ध्या वाटेवरून परतते, जलदेवता, भोपळा, नदीतले शेवाळ आणि मृत्तिकादेवी यांना जन्म देते आणि हे मूल उसळले तर या चौघांनी त्याला शांत करावे, असे बजावते. पाणी, ते भरून आणायचे तुंबे, ओले शेवाळ आणि माती ही आग विझवण्याची रोजच्या हाताशी असणारी साधने एका आईने जाताजाता मागे ठेवली, ही कल्पना मला फार हृद्य वाटते.

आपल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते. अग्नीवाचून चूल पेटत नाही. तेव्हा तो नाहीसा व्हावा असे कोणीच मागत नाही, त्याने आपल्या मर्यादेत राहावे एवढेच मागणे असते, आणि ते ज्याच्या हाती आहे त्याच्याकडेच करावे लागते. आतागोचा कागदी ताईत स्वयंपाकघरात लावतात तो याच भावनेने. त्यावरील ‘हि नो योजिन’ या शब्दांचा अर्थ ‘आगीबाबत सावध राहा’ असा आहे, म्हणजे देवावर भार टाकतानाही घरच्या माणसाची जबाबदारी सुटत नाही.

मंदिर ९२४ मीटर उंचीवर असून पायथ्याच्या कियोताकीहून चढायला सुमारे दोन तास लागतात. ३१ जुलैच्या रात्री केलेल्या यात्रेने हजार दिवसांच्या दर्शनाचे पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत येथे आणलेल्या मुलाला जन्मभर आगीचे भय राहत नाही, असेही मानतात. म्हणून आईवडील तान्ह्या मुलांना पाठीशी बांधून ही चढण चढतात.