भावाचा कमरेचा मणका ग्रेड ३ पर्यंत सरकलाय. ऑपरेशनमध्ये नेमके काय पर्याय असतात? (नागपूर)

ग्रेड ३ म्हणजे मणका खालच्या मणक्यावरून निम्म्याहून जास्त पुढे सरकलाय. एवढं सरकल्यावर फक्त नस मोकळी करून सहसा भागत नाही, मणके जोडावेच लागतात.

खरा प्रश्न जोडायचे कसे. आहे त्याच जागी स्क्रू-रॉड आणि हाडाचा कलम लावून जोडणं, की मणका आधी मागे ओढून, मधली गादी काढून तिथे केज (आधार देणारा छोटा पिंजरा) बसवणं? दुसऱ्यात कंबरेचा बाक सुधारतो, हाड जुळायला जागाही चांगली मिळते. पण ओढताना एल-५ नस (कमरेतून पायाकडे जाणारी) ताणली तर पाऊल लुळं पडू शकतं. म्हणून बरेच सर्जन पूर्ण जागेवर आणायचा हट्ट धरत नाहीत, थोडंच मागे घेतात. मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. भावाच्या बाबतीत किती ओढणार, हे सर्जनला थेट विचारा.

दुसरं मत मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्समध्ये घेता येईल.

आणि भाऊ खर्रा खात असेल तर आत्ताच बंद करा, गंमत नाही. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो, मग स्क्रू ढिले होऊ शकतात.

लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.