लिफ्ट केल्यापासून जीपचं स्टेअरिंग सैल झालंय, बॉक्स बदलू का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या जीपला लांब शॅकल (पाट्याची स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून उचललं, रुंद टायर घातले, आणि आता साठच्या पुढं गाडी रस्त्यावर ठरत नाही. अलाइनमेंट करून झालं, फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं पोचवणारी गिअरची पेटी) गेला.

बॉक्स बदलू नका. गाडी उचलायच्या आदल्या दिवशी बॉक्स चांगला होता ना? मग एका रात्रीत कसा गेला? हा प्रश्न कुणी गॅरेजवाल्याला विचारतच नाही, याचाच मला राग येतो. आमच्या घरात यावरून जे रामायण झालं ते सांगतो.

दाजींची महिंद्राची एमएम 540 जीप आहे. शेत गेवराईकडं, सगळी काळी माती. पाऊस पडला की शिवरस्त्याच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल टेकतं. म्हणजे उचलणं गरजेचं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काम झाल्यावर पहिल्यांदा मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडं निघालो, आणि पालीच्या अलीकडं पुलाच्या जोडावर चाक आदळलं तशी पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. डॅशबोर्डवरचा गणपती खाली पडला. मागून ताई ओरडायली, “अहो, हळू घ्या की!” दाजी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून म्हणायलेत, “काही नाही, बॅलन्सिंग राहिलंय.”

बॅलन्सिंग झालं. मग गॅरेजवाल्यानं बॉक्सवरचा स्क्रू आवळला. प्ले, म्हणजे स्टेअरिंगमधला मोकळा खेळ, कमी झाल्यासारखा वाटला, पण वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक माघारी यायचं ते पार बंद झालं. त्या स्क्रूवर गरजेपेक्षा जास्त जोर दिला की चांगला बॉक्सही आतून खराब होतो. मग थडथड शोषणारा डॅम्पर. मग नवा बॉक्स. मी म्हणालो, दाजी, आधी खाली झोपून बघू. पण जावई पडले! आईनं मलाच गप्प केलं, “तुला लई कळतंय. बसवू दे त्यांना काय बसवायचं ते.” नवा बॉक्स बसला आणि गाडी तशीच वाहायली.

दिवाळीला ते आमच्याकडं आले तेव्हा अंगणातच सोक्षमोक्ष लावला. चाकं जमिनीवरच ठेवली, भाच्याला सीटवर बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडं हलवायला लावलं आणि मी खाली शिरलो. बॉक्सचा आर्म हलतो त्याच क्षणी ड्रॅग लिंक (आर्मकडून चाकांकडं जाणारा दांडा) हलली पाहिजे, तिच्यामागं टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा), मग चाक. जिथं एक जण हलतो आणि पुढचा थांबतो, तो सांधा गेला. बोट ठेवून बघा, डोळ्याआधी बोटाला कळतं. नंतर जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. त्यात खेळ असला आणि ब्रेक दाबल्यावर गेला, तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती. दाजींच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. सगळं टाइट.

म्हणजे सैल काहीच नव्हतं, बिघडला होता कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कल. सायकलचा चिमटा मागं झुकलेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. जीपच्या किंगपिनचंही तेच. विलीज घराण्याच्या या जीपना मूळ कास्टर 3 अंश असतो. शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढं कलतो आणि कास्टर मरतो. मोबाइलच्या अँगल अ‍ॅपवर आमचा जवळपास शून्य निघाला. अलाइनमेंटवाल्याच्या मशीनवर हा आकडा दिसतो, पण दोन्ही चाकांमधल्या एकसंध, सॉलिड अ‍ॅक्सलला तो तिथं फिरवून बदलता येत नाही, म्हणून ते टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) लावतात, बिल देतात आणि मोकळे होतात.

उपाय म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, चेपते. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर जाड टोक पुढं, पाटा वर घेतला असेल तर मागं. उलटी बसवली तर होता तो कास्टरही जाईल. यू-बोल्ट शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. टो त्यानंतर लावा, आधी नाही. टायरमध्ये हवा कोंबली असेल तर तीही कमी करा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. पाचर टाकली की पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टचा अँगल बिघडतो, फोर बाय फोरमध्ये जॉइंट वाजला तर नवल वाटून घेऊ नका. नुसत्या खड्ड्यात स्टेअरिंगला झटका बसत असेल तर तो ड्रॅग लिंक तिरकी झाल्याचा, पाचरीनं जाणार नाही. रुंद टायरसाठी बाहेर काढलेल्या रिमनंही झटके वाढतात. थारच्या 2010 च्या सीआरडीई आणि 2020 च्या मॉडेलना यातलं पाचरीचं काही लागू नाही, त्यांना पुढं सॉलिड अ‍ॅक्सलच नाही. आणि आरसीवरच्या माहितीत न बसणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतो. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतात.

दाजी आजही पाहुण्यांना सांगतात की नव्या बॉक्समुळं गाडी सुधारली. दाजी, हे वाचत असाल तर सांगतो, तुमचा तो ‘गेलेला’ जुना बॉक्स मी स्क्रू मूळ जागी आणून केजच्या एका काळी-पिवळीवाल्या दोस्ताला दिला. तो त्यावर रोज पॅसेंजर वाहतोय.