इजिप्तमध्ये खरोखरच दर सात माणसांमागे एकाला हिपॅटायटीस सी असतो का?

नोकरीनिमित्त कैरोला जाण्यापूर्वी ‘इजिप्तमध्ये दर सातांत एकाला हिपॅटायटीस सी असतो’ असे आपल्या वाचनात आले, आणि साध्यासुध्या लोकांत यकृताला सूज आणणारा हा विषाणूजन्य आजार एवढा असू शकतो का, असे आपण विचारले आहे. आकडा खोटा नाही. पण तो २००८ सालचा आहे आणि आपण समजता तेवढा सरळही नाही.

त्या वर्षीच्या देशव्यापी सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा १४.७ टक्के लोकांत या विषाणूची प्रतिपिंडे, म्हणजे त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडली, मात्र प्रत्यक्ष विषाणू ९.८ टक्के लोकांतच होता. प्रतिपिंडे एवढेच सांगतात की संसर्ग कधीतरी झाला होता. काहींच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपणहून नाहीसा होतो, तरी प्रतिपिंडे मागे राहतात; म्हणून नुसती एलायझा (प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आम्ही सामाजिक वैद्यकशास्त्राचे शिक्षक लगेच रुग्ण धरत नाही. तेव्हा ‘सातांत एक’ ऐवजी ‘दहांत एक’ म्हणणे अधिक योग्य ठरले असते, आणि तेही प्रमाण प्रचंडच होते.

शिवाय ही सरासरी आहे. विशीच्या आतल्या मुलांत प्रमाण बरेच कमी होते, तर पन्नाशी ओलांडलेल्यांत, विशेषतः नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत, ते कितीतरी पटींनी अधिक होते. याचे कारण १९५० ते १९८० च्या दशकांत राबवलेल्या एका सरकारी मोहिमेत आहे. कालव्यांच्या पाण्यातून होणाऱ्या बिल्हार्झिया या कृमींच्या आजारावर तेव्हा अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने शिरेतून द्यावी लागत, तीही एका रुग्णाला आठवड्यामागून आठवडे. मोठ्या रांगा, मोजक्या काचेच्या सिरिंजा आणि त्या पुरेशा उकळायला नसलेली सवड, यामुळे एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचत गेले. हिपॅटायटीस सीचा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये, त्यामुळे त्या काळातील आरोग्यसेवकांना दोष देणे मला पटत नाही. पुढे बिल्हार्झियावर तोंडाने घेण्याचे प्राझिक्वांटेल आले आणि इंजेक्शनांचा तो मार्ग बंद झाला.

२०१५ च्या सर्वेक्षणात याच वयोगटातील प्रतिपिंडांचे प्रमाण १० टक्क्यांवर आलेले दिसते. एवढ्यावरून आजार झपाट्याने हटला, असे मानणे घाईचे होईल. कारण मर्यादा ५९ वर्षांचीच असल्यामुळे सर्वाधिक बाधित पिढीतले बरेच लोक सात वर्षांत मोजणीच्या बाहेर गेले होते. खरा बदल घडवला तो गोळ्यांच्या नव्या, स्वस्त उपचारांनी. २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी झाली, ४.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि त्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांत विषाणू जिवंत होता. अर्थात हे स्वतःहून तपासणीला आलेले लोक होते आणि त्याआधीच लाखो रुग्ण उपचार घेऊन बरे झाले होते, म्हणून हा आकडा २००८ च्या आकड्याशेजारी ठेवून वजाबाकी करू नये. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटीस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण’ दर्जा पहिल्यांदा इजिप्तलाच दिला.

आपल्यापुरते सांगायचे तर, हा विषाणू रक्तातून पसरतो. सहकाऱ्यांबरोबर जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने नाही. त्यावर लस उपलब्ध नाही, त्यामुळे सुई नवीन पाकिटातूनच काढायला सांगावी, न्हाव्याकडे पाते नवे आहे ना हे पाहावे. हिपॅटायटीस बीची लस मात्र आहे. तिचे तीन डोस नेहमीच्या पद्धतीने पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा जाण्याची तारीख ठरण्याची वाट न पाहता पहिला डोस आताच घ्यावा.