कुत्र्याला घेऊन नाशिकच्या वायनरीला जाता येईल का? काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की दादरला राहता, अडीच वर्षांची, २५ किलोची लॅब्राडोर आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम बघायला शनिवार-रविवार नाशिकला जायचंय. तर तिला सोबत नेता येईल का?

नेता येईल, पण कृपा करून महिना बदला. जानेवारी-फेब्रुवारीत वेलींवर पिकलेले घड असतात, खाली मण्यांचा सडा असतो, आणि द्राक्ष कुत्र्यासाठी विष आहे. ताजं द्राक्ष, मनुका, बेदाणा, रस काढून उरलेला चोथा, सगळंच. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सध्या याचा संशय टार्टारिक आम्लावर आहे. त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं, म्हणून एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याला त्याहून कितीतरी कमी द्राक्षं बाधतात. बेदाण्यांच्या बाबतीत वजनाच्या किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपासही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या लॅबच्या हिशेबाने हे जेमतेम ७५ ग्रॅम होतात. मात्र ‘एवढे चालतील’ असा आकडा कोणताही डॉक्टर देणार नाही. त्यात लॅब्राडोर म्हणजे जमिनीवर पडलेलं खाण्याजोगं काही न सोडणारी जात.

मग कधी जावं? नाशिककडे वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर नुसत्या काड्या आणि पानं वाढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि घड धरतात ते त्यानंतर. म्हणजे ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा या काळात बाग हिरवीगार असते आणि वेलींवर फळ नसतं. हवाही गार. माझं मत विचाराल तर कुत्र्यासाठी हाच काळ. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते अतिशय विषारी असतं. पुढे केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांचा सपाटा चालू होतो. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसणार नाही.

पावसाळ्यातला त्रास म्हणजे गोचीड, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि साप. निघण्याआधी रेबीज आणि लेप्टोसकटची लस चालू मुदतीत आहे ना बघा, गोचिडाची गोळी द्या, लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फवारणी पावसाळ्यातही असते. पानांवर निळसर-पांढरा थर दिसला तर तो बहुधा बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. अशा रांगेत शिरू नका. ठिबकच्या नळीखाली साचलेलं पाणीही तिला चाटू देऊ नका, त्याच नळीतून खतं सोडतात.

फोन करताना नुसतं ‘पेट फ्रेंडली आहात का’ असं विचारू नका. ‘हो’ म्हणणाऱ्याच्या मनात बाहेरचं लॉन असतं आणि आपल्या मनात टेस्टिंग रूम. नेमकं विचारा: टेस्टिंगचं टेबल बाहेर मिळेल का, जेवायला कुठे बसवाल, खोलीत कुत्रा चालतो की आवारात बांधायचा, गेल्या आठ दिवसांत बागेत काय फवारलंय, उंदरांचं औषध कुठे टाकलंय, आणि राखणीचे कुत्रे मोकळे असतात का. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, कारण दारावर असणारा माणूस वेगळा असतो. शनिवार-रविवारी गंगापूर रोडवर, सुला आणि यॉर्कच्या बाजूला, मुंबईची गर्दी लोटते. जमलं तर मधला वार घ्या, किंवा इगतपुरी तालुक्यातली वायनरी बघा: कावनईला व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झांपा. अंतरही कमी पडतं.

नाशिक दादरहून साधारण १७० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर भिवंडीची कोंडी टळते. खाणं निघण्याच्या तीन-चार तास आधी संपवा, कसाऱ्याच्या वळणांवर भरल्या पोटी उलटी ठरलेली. गाडी लागत असेल तर डॉक्टरांकडून मॅरोपिटंट लिहून घ्या. तिला हार्नेस घालून सीटबेल्टला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला नको. शहापूरला एक आणि घाट चढून इगतपुरीला एक थांबा घ्या. हायवेवर दार उघडण्याआधी दोरी हातात हवी. पाणी घरचंच न्या, दिवसाला दीड लिटरच्या हिशेबाने. गाडीत तिला एकटी ठेवू नका: बाहेर २५ अंश असले तरी बंद काचांत दहा मिनिटांत तापमान १० अंशांच्या आसपास वाढतं.

पोचल्यावर तळघराची आणि टाक्यांची टूर तिच्याशिवाय करा. दोघं असाल तर आळीपाळीने जा. किण्वन चालू असताना एक लिटर रसातून सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आपलं नाक पाच फुटांवर, तिचं दीड-दोन फुटांवर. शिवाय टाक्या धुताना कॉस्टिक सोडा वापरतात, त्याने ओल्या फरशीवर पंजे भाजतात. पाय पडलाच तर चाटायच्या आत साध्या पाण्याने भरपूर धुवा.

टेस्टिंगच्या टेबलावर दोरी न पिणाऱ्याच्या हातात द्या. घाट उतरवायला गाडीही त्यानेच चालवायची आहे. चाखून वाइन ओततात ते भांडं टेबलाच्या कडेला नको. चीज प्लॅटर मागवताना द्राक्षं, मनुका, कांदा वगळायला सांगा. मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर तिला आवारात मोकळी सोडू नका, रात्रीही नाही आणि पहाटेही नाही. नाशिकच्या बागांत आणि उसात बिबट्या फिरतो, आणि कुत्रा त्याचं आवडतं भक्ष्य.

एवढं करूनही तिने द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेच, तर किती आणि किती वाजता ते लिहा आणि लगेच जवळचा प्राण्यांचा डॉक्टर गाठा. पहिल्या दोन तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून जीवावर बेतू शकतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत परत यायचा विचारही नको, तेवढा वेळच नसतो. म्हणून रात्री उघडा असणारा नाशिकमधला दवाखाना निघण्याआधीच शोधून नंबर घेऊन ठेवा. उपचार म्हणजे साधारण दोन दिवस सलाइन आणि रोज क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी. उलटी बहुधा पहिल्या बारा तासांत दिसते, पण मूत्रपिंडाचं नुकसान कळायला एक ते तीन दिवस लागतात. उलटी थांबली म्हणून सलाइन बंद करायला सांगू नका.

आणि येताना नाशिकचे बेदाणे घेणार असाल तर पिशवी डिकीत, झाकणाच्या डब्यात ठेवा. मागच्या सीटवर तिच्याशेजारी नको.