दुसऱ्या होडीचे जुने मेनसेल (डोलकाठीला लागलेले मुख्य शीड) माझ्या छोट्या होडीला बसेल का?

विक्रीस असलेले शीड आपल्या डोलकाठीच्या मापापेक्षा थोडे आखूड आहे, पण क्षेत्रफळ जवळपास तेवढेच आहे, तेव्हा ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. आखूड चालते. लांब मात्र चालत नाही, कारण शिडाचा माथा डोलकाठीच्या टोकाला टेकला तरी डोलकाठीकडची कड सैलच राहते आणि ती ताणायला जागा उरत नाही. क्षेत्रफळाचा विचार मनातून काढून टाकावा.

आमच्या सामाईक होडीसाठी शीड घेताना माझा भागीदार याच क्षेत्रफळावर अडून बसला होता. तिन्ही बाजूंची मापे जुळतात, कापड अजून कडक आहे, म्हणजे प्रश्न मिटला, असे त्याचे म्हणणे होते. ते शीड बारीक, लवचीक डोलकाठीच्या होडीवरून उतरवलेले आहे, हे मी त्याला तेव्हाच सांगितले होते. शिडाची डोलकाठीकडची कड सरळ कापलेली नसते. तिला बाहेरच्या बाजूस बाक दिलेला असतो, आणि वाकणाऱ्या डोलकाठीसाठी तो मुद्दाम जास्त ठेवतात, कारण काठी वाकली की तेवढे कापड त्या वाकात सामावते. आमची डोलकाठी जाड आणि ताठ असल्यामुळे ते सगळे कापड शिडाच्या पोटात आले. मध्यम वाऱ्यातही होडी कलू लागली आणि वारा येतो त्या दिशेच्या जवळून नेता येईना. भागीदाराने कापड ताणले गेल्याचे निदान केले. तेव्हा मी शीड जमिनीवर पसरून माथ्यापासून खालच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणला; मध्यावर कड दोऱ्याबाहेर तळहाताएवढी आली होती. दोरा नीट ताणलेला नाही, एवढेच तो म्हणाला.

म्हणून विक्रेत्याला आधी मूळ होडीची डोलकाठी कशी होती ते विचारावे. आपली काठी वाकणारी आणि शीड ताठ काठीसाठी कापलेले असेल, तर बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीच्या) टोकाकडच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या मध्याकडे तिरक्या चुण्या पडतात. कडेचे स्लग, म्हणजे शीड डोलकाठीला धरून ठेवणारे छोटे तुकडे, आपल्या काठीच्या खाचेत सरकतात का, हेही पाहावे, पण ते बदलता येतात. शिवण अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहावी; उन्हाने बहुधा कापडाआधी दोरा कुजतो.

जादा बाक शीड शिवणाऱ्याकडून कमी करून घेता येतो, मात्र कापड लिबलिबीत झाले असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. ताणलेल्या कापडानेही शिडाचे पोट वाढते, हे खरे आहे. परंतु तसे झाले की फुगवटा मागच्या, मोकळ्या कडेकडे सरकतो. आमच्या शिडात तो डोलकाठीला लागून होता.