मंदीत भाडे धरताना : पोचेवरची वेळ आणि फेरीचे दिवस

नमस्कार. मोहोळच्या गाडीमालकांनी विचारले आहे की, साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यापासून त्यांचा सेकंडहँड दहाचाकी ट्रक सोलापुरात चार-चार दिवस उभा असतो, भिवंडीचे भाडे मिळाले तरी येताना रिकामे यावे लागते, आणि आता एका ट्रान्सपोर्ट कार्यालयाने केरळसाठी साखरेचे चांगल्या दराचे भाडे देऊ केले आहे, तर ते धरावे का. प्रश्न वाचताना मला माझाच २०२३ चा जुलै महिना समोर दिसला, कारण तेव्हा मीही नेमक्या याच वळणावर उभा होतो आणि घाईने होकार देऊन बसलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परमिट, विमा, फिटनेस, फास्टॅग यांबद्दल लिहीत नाही. गाडी रस्त्यावर आहे म्हणजे ते तुम्ही पाहिलेले असणार. खालचे आकडे माझ्या एका गाडीच्या वहीतले आहेत. आजचे दर आणि तुमचा हप्ता वेगळा असेल, त्यामुळे पद्धत घ्या, आकडे स्वतःचे घाला.

केरळला साखर नेण्यासाठी मला मिळालेला दर टनाला ३,००० रुपये होता. १८ टनांचे ५४,००० झाले आणि त्या महिन्यात तेवढा आकडा सोलापुरात कोणी उच्चारतही नव्हते. बेंगळुरूमार्गे सुमारे अकराशे-बाराशे किलोमीटर जाण्याचे डिझेल २६,००० आणि टोल, जेवण, वाटखर्च मिळून १०,००० असे धरले, तेव्हा हातात १८,००० उरताना दिसले. मी स्वतःच गाडी चालवत असल्यामुळे ड्रायव्हरचा पगारही नव्हता. माझी चूक इथेच झाली. मी रुपये मोजले, दिवस मोजलेच नाहीत. जायला चार दिवस लागले, माल उतरायला पाच, परतीचे भाडे शोधण्यात तीन आणि यायला चार, म्हणजे एकूण १६ दिवस. परतीचे भाडे जेमतेम डिझेल आणि टोलपुरते होते. १८,००० ला १६ ने भागले तर दिवसाला ११२५ रुपये येतात, आणि हप्ता, विमा, कर, टायर यांचा माझ्या गाडीचा उभ्या-उभ्याचा खर्च दिवसाला १,९०० होता. त्या महिन्यातले सगळ्यात चांगल्या दराचे भाडे माझ्यासाठी सगळ्यात तोट्याचे ठरले.

त्या पाच दिवसांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खरे नुकसान तिथे झाले. मी पहाटे साडेपाचला गोदामाच्या फाटकाशी पोहोचलो. पाऊस लागून राहिला होता आणि साखरेची पोती पावसात उतरवत नाहीत, हे मलाही मान्य होते. वॉचमनने वहीच्या फाडलेल्या कागदावर १४ हा नंबर लिहून दिला. त्या चिठोऱ्यावर ना तारीख होती, ना गोदामाचा शिक्का. मी तो खिशात ठेवला, ताडपत्रीचे काठ पुन्हा आवळले आणि वाट पाहत बसलो. पाचव्या दिवशी दुपारी गाडी खाली झाली, बिल्टीच्या (मालासोबतच्या वाहतूक पावतीच्या) मागे शिक्का बसला, त्यावर त्याच दिवसाची तारीख पडली आणि खाली ‘माल मिळाला’ एवढेच लिहून दिले. मी सही पाहिली, पोत्यांची संख्या पाहिली आणि निघालो. मी पाच दिवस आधी तिथे पोहोचलो होतो, हे सांगणारी एकही ओळ त्या कागदावर नव्हती, आणि चिठोरा तोपर्यंत खिशातच भिजून गेला होता.

परत आल्यावर मी मूळ पोच, म्हणजे ती शिक्का मारलेली बिल्टी, मला भाडे देणाऱ्या ट्रान्सपोर्ट कार्यालयात नेऊन दिली. झेरॉक्स काढली नव्हती, मोबाइलवर फोटोही नव्हता. भाड्याचे राहिलेले १४,००० आणि पाच दिवसांचे हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याची भरपाई) मागितले, तेव्हा टेबलापलीकडून एकच उत्तर मिळाले: पोचेवर तारीख एकच आहे, तुम्ही उशिरा पोहोचला असाल. पुढच्या वेळी गेलो, तेव्हा दोन पोती भिजल्याचे सांगण्यात आले. ते पोचेवर कुठे लिहिले आहे असे विचारल्यावर पोच हेड ऑफिसला गेल्याचे कळले. मी सहा वेळा त्या जिन्याच्या पायऱ्या चढलो. दर खेपेला पुढच्या सोमवारचा वायदा मिळाला आणि अखेरीस तीन महिन्यांनी ९,००० रुपये हातात पडले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण आता माझ्याकडे पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय कोणाचे नाव घेणे मला पटत नाही. पण ज्या माणसाची गाडी हीच त्याची रोजीरोटी आहे, त्याला बाकावर बसवून ठेवणाऱ्यांना त्याचा एक दिवस केवढ्याला पडतो याची जाणीव नसते, याचे मला आजही फार वाईट वाटते.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली आणि ती आजवर मोडलेली नाही. फाटकावर पोहोचताक्षणी बिल्टीच्या पाठीवर ‘गाडी आली’ असे लिहून तारीख, वेळ आणि वॉचमनची सही घेतो. सही दिली नाही, तर फाटकाच्या पाटीसह गाडीचा फोटो काढून तो लगेच हुंडेकऱ्याला (भाडे ठरवून देणाऱ्याला) व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि सोबत ‘गाडी पोहोचली, खाली करून द्यावी’ असे लिहितो. भाडे ठरवतानाच हॉल्टिंग किती तासांनंतर सुरू होईल आणि दिवसाला किती मिळेल, हे त्याच व्हॉट्सॲपवर लिहून घेतो. तोंडी ठरलेले हॉल्टिंग मिळाल्याचे मला एकदाही आठवत नाही. मूळ पोच देताना दोन्ही बाजूंचे फोटो ठेवतो आणि ‘पोच मिळाली’ अशी तारखेसह सही घेतल्याशिवाय ती हातातून सोडत नाही.

आता भाडे कुठे शोधावे याकडे येतो. भिवंडीहून परतताना तुम्ही ‘सोलापूर’ विचारत असाल, तर ते थांबवा. सोलापूरसाठी मंदीत फारसा माल निघत नाही, पण भिवंडी, चाकण, रांजणगाव इथून हैदराबादला जाणारा माल पुणे-सोलापूर-हैदराबाद या ६५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गानेच, म्हणजे पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे टोलनाके ओलांडून तुमच्या दारावरूनच जातो. हैदराबादचे भाडे धरा, वाटेत एक रात्र घरी झोपा, पुढे तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर जाऊन माल उतरवा आणि तिथून पुणे किंवा भिवंडीचे भाडे घ्या. हैदराबादला काही मिळाले नाही, तर तांडूर-शहाबाद पट्ट्यातली फरशी आणि वाडी-सेडम भागातले सिमेंट आहे, मात्र पावसाळ्यात बांधकामे मंदावतात हे लक्षात ठेवा. दर कमी असूनही या फेऱ्यांत मला खर्च वजा जाता दिवसाला दोन हजारांच्या आसपास सुटत असे, कारण रिकामे किलोमीटर जवळजवळ नसत.

साखरेबद्दल एक गोष्ट. गाळप संपले म्हणजे साखरेची वाहतूक संपली, असे नाही. केंद्र सरकार २०१८ पासून प्रत्येक कारखान्याला दर महिन्याचा विक्रीचा कोटा ठरवून देते, त्यामुळे गोदामातली साखर वर्षभर बाहेर पडत राहते. माझ्या अनुभवात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उचल वाढते, म्हणून त्या दिवसांत गाडी सोलापुरात रिकामी असेल असे नियोजन करा. चादरी-टॉवेलचा माल हलका असतो. जागा भरते पण वजन भरत नाही. त्यासाठी टनावर कधीही बोलू नका, पूर्ण गाडीचे भाडे ठरवा. कांद्याची मोठी आवक हिवाळ्यात असते, तोपर्यंत त्याच्या भरवशावर बसू नका.

मंदीत दर पडले की दोन टन जादा भरून भरपाई करण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे, भरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. २०१८ मध्ये दहाचाकीचे मालासह परवानगीचे वजन २५ वरून २८.५ टन झाले, पण जुन्या गाडीच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून २५ च असू शकते. तुमची गाडी सेकंडहँड आहे, म्हणून आधी ते तपासा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, मात्र आपल्या कर सल्लागाराला विचारूनच करा. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्याने पॅनसह लेखी घोषणापत्र दिले, तर आयकर कायद्यानुसार भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापायचा नसतो; पुष्कळ जण ते देत नाहीत आणि पैसे अडकवून ठेवतात. दुसरे म्हणजे उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) आजच करून ठेवा. तिच्या आधारे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मागण्याचा आणि थकल्यास अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाण्याचा मार्ग खुला होतो. माझ्याकडे तेव्हा ही नोंदणी नव्हती.

केरळच्या भाड्याला सरसकट नाही म्हणत नाही. मात्र होकार देण्याआधी त्या कार्यालयाकडून ॲडव्हान्स, बाकी देण्याची तारीख आणि हॉल्टिंगचा दर लेखी घ्या, ज्या गावी माल उतरणार तिथल्या दोन हुंडेकऱ्यांना फोन करून परतीच्या मालाची चौकशी करा आणि ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत पाहा. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि मुदत वाढवायची असेल, तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. तुमच्या गाडीचा रोजचा उभा खर्च आणि त्यांनी सांगितलेला दर इथे लिहिलात, तर मी वही समोर घेऊन तुमचा हिशेब मांडून देईन.