गुडघेदुखी आणि दूधसागर

प्रश्न: ताई, डिसेंबरात चार दिवस गोव्यात कोलव्याला जातोय, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना दूधसागर धबधबा बघायची फार इच्छा आहे पण गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर: न्या त्यांना, फक्त आधी नीट समजून घ्या. धबधबा मोलेच्या अभयारण्यात आहे, आपली गाडी तिथपर्यंत जात नाही, कुळे गावात ठेवायची आणि तिथून जीप, एका जीपमध्ये सात जण. सकाळी लवकर पोचा, सुट्टीत खूप गर्दी असते. रस्ता कच्चा आहे, मध्ये ओढ्यातून जीप जाते, चांगलेच धक्के बसतात, म्हणून सासूबाईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा. खरी परीक्षा शेवटी, जीप थांबते तिथून दगडधोंड्यांतून चालायचं, दगड हलतात, ओले असले की पाय सटकतोच. काठी न्या, ग्रिपवाली चप्पल घाला, आणि खायची पिशवी माकडांना दिसू देऊ नका. पावसाळ्याइतकं पाणी नसतं, पण ३०० मीटरवरून पडणारी ती पांढरी धार आणि मधल्या पुलावरून जाणारी रेल्वे बघितली ना, की थकवा जातो. रुळांवरून चालत मात्र अजिबात जाऊ नका, बंदी आहे आणि जिवावर बेतू शकतं.

आणि त्या दिवशी गुडघे फारच दुखत असतील तर हट्ट नको, त्याच भागात तांबडी सुर्ल्याचं कदंब राजांच्या काळातलं महादेव मंदिर आहे, गाडी बरीच जवळ जाते, शेजारी नदी, सगळीकडे झाडी. मला तर ते तितकंच आवडतं.